माळ्यावरची ओल आणि गळतीवरचा आळ

घराच्या माळ्यावर ओल दिसू लागली, की गृहस्थाचा पहिला संशय छपरावर जातो, दुसरा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यावर आणि तिसरा इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराच्या प्रामाणिकपणावर. परंतु ज्या हवेत आपण श्वास घेतो, भात शिजवतो, कपडे वाळत घालतो आणि कढत पाण्याने स्नान करतो, ती हवाच आपल्या अंगचे पाणी माळ्याच्या थंड भिंतीवर ठेवून जात असेल, हा चौथा संशय सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. मग गच्चीवर डांबर ओतले जाते, रसायनांचे लेप चढतात, सोसायटीच्या दप्तरात तक्रारअर्ज दाखल होतात, वर्षानुवर्षे एकमेकांकडे विरजण मागणाऱ्या दोन घरांत अबोला धरला जातो. आणि हा सर्व खटाटोप यथासांग उरकल्यावर पुढच्या श्रावणात माळ्यावरची पेटी खाली काढावी, तर आतल्या पैठणीच्या घडीवर तीच करडी बुरशी पुन्हा आपली वस्ती करून बसलेली आढळते. ओलीचे निदान झाल्यावाचून तिच्यावर पैसा घालू नये, आणि निदान करताना आरोपींच्या यादीत गळतीच्या जोडीने घरातल्या बाष्पाचेही नाव असावे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे. गळती नसतेच असे माझे म्हणणे नाही. ती असते, पुष्कळदा असते. पण तिच्या नावावर खपणारी प्रत्येक ओल तिची नसते.

यातले शास्त्र शाळेच्या पुस्तकातले आहे, आणि कदाचित म्हणूनच ते घरात वापरून पाहण्याचे आपल्याला सुचत नाही. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सियस तापमानाला सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावून घेऊ शकते. तीच हवा २० अंशांपर्यंत निवाली, की तिची ही ऐपत १७ ग्रॅमांवर येते, आणि जे बाष्प आता तिला पेलत नाही ते जवळात जवळ सापडेल त्या थंड पृष्ठभागावर जलरूपाने उतरते. हे उतरणे ज्या तापमानाला सुरू होते त्याला दवबिंदू म्हणतात. जुलै महिन्यात किनारपट्टीवरच्या एखाद्या खोलीत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असणे ही त्या दिवसांतली नित्याची अवस्था होय. अशा खोलीत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे हवेहून अवघ्या तीन अंशांनी थंड असलेली भिंत, पत्रा, पाण्याचा नळ किंवा लोखंडी पेटी ओली होण्यास कोणत्याही छिद्राची गरज उरत नाही. गार पाण्याने भरलेल्या पितळी तांब्याच्या अंगावर थेंब जमले, तर तांब्या गळतो असे घरातले शेंबडे पोरही म्हणत नाही. तोच न्याय माळ्याच्या भिंतीला लावावयाचा म्हटले, की मात्र भल्याभल्यांची समजूत पटवावी लागते. बुरशीला तर थेंबांचीही अपेक्षा नसते. पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकून राहिली, की भिंत हाताला कोरडी लागत असतानाच तिचा संसार सुरू होतो.

एवढे बाष्प घरात येते कोठून, असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याने आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरकडे पाहावे. त्यातला १४.२ किलो वायू हा मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो, आणि तो जळताना त्यातल्या हायड्रोजनचा प्राणवायूशी संयोग होऊन पाणी तयार होते. हे पाणी वायूच्या वजनाच्या सुमारे दीडपटीहून थोडे अधिक, म्हणजे किलोमागे १.६ किलो भरते. एक सिलिंडर संपेपर्यंत २२ ते २३ लिटर पाणी अदृश्य रूपाने आपल्या घराच्या हवेत सोडले जाते, आणि यात कुकरच्या शिट्ट्या, उकळणारा चहा, वरणाची वाफ यांची गणती केलेलीच नाही. त्यावर घरातल्या माणसांचा श्वास आणि घाम. त्यावर न्हाणीघरातली वाफ. आणि पावसाळ्यात बाहेर वाळत घालण्याची सोय नसल्यामुळे दिवाणखान्यात दोरी बांधून पसरलेले, पिळूनही लिटर-दोन लिटर पाणी अंगात बाळगणारे कपडे. उबदार आणि सबाष्प हवा हलकी असल्यामुळे ती वर चढते. घरात सर्वांत वर असतो तो माळा. आणि माळ्याची दारे आपण सामान दिसू नये म्हणून घट्ट लावून घेतलेली असतात. दिवसभर घरात निर्माण झालेले पाणी ज्या जागी जाऊन मुक्काम करते, त्या जागेकडे गृहस्थाचे लक्ष गणपतीची आरास काढताना आणि दिवाळीची साफसफाई करताना जाते, तेवढेच.

कोकणातल्या जुन्या घरांत हा प्रश्न या स्वरूपात नव्हता, आणि तो का नव्हता हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याबाबत दोन्ही बाजूंनी पुष्कळ भाबडेपणा चालतो. मंगळूरला जेप्पू येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून किनाऱ्याने वर पसरत गेलेल्या सपाट, खाचेदार कौलांनी हळूहळू जुन्या नळीच्या कौलांची जागा घेतली. पण नळीचे कौल असो की मंगळुरी, दोन कौलांच्या सांध्यांतून पाणी खाली उतरत नसले तरी हवा वर निसटत असे. मृग लागण्याच्या आधी घर शाकारून घ्यावयाचे, म्हणजे फुटकी कौले बदलावयाची, सरकलेली बसवावयाची, कुजलेली रीप काढावयाची, असा दरवर्षीचा दंडक होता, आणि त्या निमित्ताने वर्षातून एकदा का होईना, माणसाची नजर वाशा-वाशावरून फिरत असे. माजघरावरच्या किंवा स्वयंपाकघरावरच्या माळ्याच्या फळ्यांतून फटी ठेवलेल्या असत. खालच्या चुलीची ऊब आणि धूर त्या फटींतून वर येऊन भाताच्या मुड्यांना, आमसुलांच्या परडीला, शिंक्यावर टांगलेल्या बियाण्याला शेकत शेकत कौलांतून बाहेर पडे. वासे धुराने काळेभोर होत, आणि त्या काजळीमुळे किडीचाही उपद्रव कमी होई.

आता येथे एक गोष्ट विसरली जाते. लाकूड जळतानाही पाणी तयार होतेच, आणि सरपण जर नीट वाळलेले नसेल, तर ते वायूपेक्षाही अधिक बाष्प देते. जुन्या माळ्याचे कोरडेपण बाष्प कमी असल्यामुळे नव्हते; बाष्पाला घराबाहेर जाण्यास वाट होती आणि त्याला ढकलत नेणारी ऊब खाली सतत पेटलेली होती, यामुळे ते होते. आणि त्या उबेची किंमत ज्या स्त्रियांनी आपल्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी भरली, त्यांचा विचार मनात न आणता चुलीचे गुणगान करणारे जे लेख अधूनमधून वाचावयास मिळतात, त्यांच्या पंक्तीस हा लेख बसवू नये अशी माझी विनंती आहे. चूल गेली ते उत्तमच झाले. फक्त चुलीबरोबर तिची वाटही बुजवली गेली, आणि चुलीच्या जागी जो वायू आला तोही पाणी निर्माण करतो याची कोणी दखल घेतली नाही.

गेल्या पिढीत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जी घरे उभी राहिली, त्यांचा इतिहास बहुधा एकाच वळणाने गेलेला आहे. मुंबईच्या पैशाने कौलारू घर पाडून तेथे सिमेंटचा स्लॅब घातला गेला. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाकाठी जो ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, त्याखाली चार-सहा पावसाळ्यांत स्लॅबने पाणी पिण्यास आरंभ केला. आणि मग त्यावर लोखंडी कैच्या उभारून रंगीत पत्र्याचे उतरते छप्पर चढविण्यात आले. स्लॅब आणि पत्रा यांच्यामध्ये जी पोकळी निर्माण झाली, तोच आजच्या कोकणी घराचा माळा. चारी बाजूंनी पत्रा खालपर्यंत उतरवून, वटवाघळे आणि माकडे येऊ नयेत म्हणून त्रिकोणी तोंडेही बंद करून टाकली, की या माळ्यावर लाकूडफाटा, कांद्याच्या माळा, मखराचे सामान, नारळ, जुनी दारे आणि लग्नातली भांडी यांची सोय लागते. पावसाळ्यात तेथेच कपडेही वाळत घातले जातात.

मग पावसाळा संपतो, कार्तिक-मार्गशीर्ष येतो, आकाश निरभ्र होते, आणि एका पहाटे माळ्यावर टपटप आवाज येतो. बाहेर पावसाचा एक थेंब नाही, अंगणातली रांगोळी कोरडी आहे, आणि आत पत्र्यातून पाणी ठिबकते आहे, हे पाहून घरधनी चक्रावतो; पत्रा बसविणाऱ्याला फोन जातो, तो येऊन स्क्रूच्या डोक्यांवर सिलिकॉन भरतो, मजुरी घेऊन जातो, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा टपटप सुरू. अशा वेळी शिडी लावून पत्र्याच्या खालच्या अंगाकडे विजेरीच्या उजेडात पाहावे. पाणी एका जागी नसते. सगळ्या पत्र्याला सूक्ष्म थेंबांची लव फुटलेली असते, आणि आत आलेल्या प्रत्येक स्क्रूच्या टोकावर एकेक थेंब लटकत असतो, कारण धातूचे टोक सर्वांत आधी गार होते. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता वरच्या मोकळ्या आकाशात सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. खालच्या स्लॅबने दिवसभर साठविलेली ऊब आणि घरातून जिन्यावाटे वर आलेली दमट हवा त्याला भिडते, आणि पहाटेच्या सुमारास सर्वाधिक पाणी सुटते. सूर्य वर आला, की ते सुकते; म्हणून दुपारी पाहणीस येणाऱ्या कारागिराला काहीच दिसत नाही. सिलिकॉनने भरलेले छिद्र हे त्या पत्र्यातले, हवा बाहेर जाण्याचे उरलेसुरले छिद्र होते, असेही कधी कधी घडलेले असते.

यावरचा इलाज गहन नाही. पत्र्याच्या खालच्या कडेला, वळचणीच्या लगत, आणि वर आढ्याशी अशा दोन्ही ठिकाणी हवेला मोकळी वाट ठेवली, की गरम हवा वरून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. वटवाघळांची भीती असेल तर बारीक जाळी ठोकावी, पण फळी ठोकू नये. जिन्याच्या वरच्या तोंडाला दार असावे आणि रात्री ते लावलेले असावे, म्हणजे घरातली वाफ माळ्यावर चढणार नाही. नवीन पत्रा घालताना त्याच्याखाली उष्णतारोधक थर घातला, तर पत्र्याचा थंडपणा आतल्या हवेला भिडतच नाही. मात्र हा खर्च पुढे कधीतरी करू म्हणून टाळला, तर नंतर सारा पत्रा उतरवल्याखेरीज तो नीट बसत नाही. अलीकडे पत्र्याखाली पीव्हीसीच्या पट्ट्यांचे छत ठोकून घेण्याची जी आवड पसरली आहे, तिच्याविषयी मी साशंक आहे. त्या छताने थेंब दिसेनासे होतात, आणि दिसेनासे झालेले पाणी वरच्या वर लाकडी पट्ट्यांत आणि विजेच्या तारांच्या नळ्यांत मुरत राहते.

ब्रिटनमध्ये हाच धडा १९७३ नंतर शिकावा लागला. त्या वर्षी खनिज तेल महागले, इंधन वाचविण्यासाठी लोकांनी घराच्या माळ्यावर, खालच्या छताच्या पाठीवर, लोकरीसारख्या तंतूंचे जाड थर अंथरले. खालची ऊब खाली राहिली, माळा अधिक थंड पडला, आणि बाष्प मात्र विजेच्या दिव्यांच्या भोकांतून आणि माळ्याच्या झडपेच्या फटीतून वर जातच राहिल्यामुळे वासे पाण्याने निथळू लागले. पुढे तेथील इमारत-नियमांच्या मार्गदर्शनात उतरत्या छपराच्या वळचणीस सलग १० मिलिमीटर रुंदीच्या फटीइतकी, आणि कमी उताराच्या छपरास २५ मिलिमीटर, अशी मोकळीक ठेवण्याचे प्रमाण घालून देण्यात आले. तेथील कारण थंडी आणि आपल्याकडील कारण दमटपणा. तरी वासा दोन्हीकडे एकाच नियमाने कुजतो.

मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटातला माळा ही गोष्ट आणखी निराळी. राष्ट्रीय इमारत संहितेत माळ्याची जी व्याख्या आहे, तीत तो दोन मजल्यांमधला किंवा उतरत्या छपराखालचा, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीचा आणि सामान साठविण्याच्या हेतूने केलेला भाग होय असे म्हटले आहे. व्याख्येत उंची आहे, हेतू आहे. हवेचा उल्लेख नाही. व्याख्येकडून सर्वच अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल हे मान्य. पण नकाशा काढणाऱ्याने, तो मंजूर करणाऱ्याने आणि घर विकत घेणाऱ्याने, या तिघांनीही माळ्याकडे पाहताना त्या व्याख्येच्या पलीकडे पाहिलेले नाही, याचा दाखला प्रत्येक इमारतीत मिळतो. माळा बहुधा न्हाणीघरावर किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर असतो, म्हणजे घरात जेथे वाफ सर्वाधिक तेथेच. न्हाणीघराच्या झरोक्याला लावलेला पंखा बाहेर उघडण्याऐवजी कित्येकदा माळ्याच्या पोकळीत तोंड करून बसवलेला असतो, आणि ओट्यावरची चिमणी जर बाहेर नळी न काढता बसवली असेल, तर ती तेल आणि वास अडवते, वाफ मात्र जशीच्या तशी घरात परत सोडते. त्यातच गीझर आणि गार पाण्याचे नळ माळ्यातूनच नेलेले. पावसाळ्यात टाकीतले पाणी गार असते, नळांना पाझर फुटतो, आणि प्लंबर येऊन सांधे घट्ट करून जातो.

परंतु यातली सर्वांत फसवी ओल वातानुकूलन यंत्रामुळे येते. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबात शयनगृहाची भिंत हीच बाहेरच्या बोळकांडीवर काढलेल्या माळ्याची पाठभिंत होती. पावसाळ्यात रात्रभर यंत्र २० अंशांवर चालू. बोळकांडीतली हवा २८ अंशांची आणि ओलीचिंब. साडेचार इंची विटांच्या त्या भिंतीची माळ्याकडची बाजू मोकळी असती, तर बोळकांडीच्या उबेने ती दवबिंदूच्या जेमतेम वर राहिली असती. पण तिला टेकून गाद्या, बॅगा आणि पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत रचलेली होती, आणि त्या थराने बाहेरची ऊब भिंतीपर्यंत पोहोचू दिली नाही. भिंत आणखी दोन-तीन अंशांनी निवाली, आणि खोक्यांच्या मागे, जेथे हवा अगदी सावकाश का होईना पोहोचत होती, तेथे पाणी धरले. बुरशीचा आकार सामानाच्या आकाराशी तंतोतंत जुळत होता. जेथे बॅग होती तेथे काळा चौकोन, जेथे मोकळी जागा होती तेथे भिंत स्वच्छ. एवढा ढळढळीत पुरावा समोर असताना वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला नोटीस गेली, त्यांच्या न्हाणीघराच्या फरशा उखडल्या गेल्या, नवीन बसल्या, आणि दोन घरांतला संबंध कायमचा तुटला. त्या सर्व खर्चाच्या एका लहानशा हिश्श्यात सामान भिंतीपासून वीतभर पुढे ओढून माळ्याला जाळीची दारे बसली असती, आणि यंत्र २० ऐवजी २६ अंशांवर ठेवण्यास तर खर्चच नव्हता.

म्हणून नोटीस लिहिण्यापूर्वी तपास करावा, आणि हा तपास करण्यास तज्ज्ञ लागत नाही. संशयित जागेवर फूटभर चौरसाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बसवाव्या आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्यावा. थेंब प्लॅस्टिकच्या आपल्याकडच्या अंगावर जमले, तर पाणी घरातल्या हवेचे. भिंतीकडच्या अंगावर जमले, तर ते भिंतीतून येते आहे, आणि मग वरच्या घरी जाऊन बोलण्यास हरकत नाही. याशिवाय दोघांच्या वागण्यातही फरक असतो. पावसाची गळती पावसाचा ताल धरते, मुसळधार सरीनंतर काही तासांनी प्रकट होते, एका बिंदूपासून पसरते आणि वाळल्यावर कडेला पिवळसर-तपकिरी रेघ सोडते. वरच्या न्हाणीघरातली गळती उन्हाळा-पावसाळा पाहत नाही, बारमाही असते. हवेचे पाणी पहाटे येते, दुपारी जाते, कोपऱ्यांत, लोखंडावर आणि सामानाच्या आड आधी दिसते, आणि त्याला कड नसते. दोन्ही एकदम असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. अशा वेळी आधी गळती बंद करावी, कारण तिने भिजलेली भिंत अधिक गार राहते आणि हवेच्या पाण्यालाही आमंत्रण देते.

हवा खेळती ठेवा, हा सल्ला देणे सोपे आहे. पण तो पावसाळ्यात जसाच्या तसा पाळला, तर फसगत होण्याचा संभव आहे, आणि इंग्रजी पुस्तकांतून उचललेल्या घरगुती सल्ल्यांत हा भेद सहसा सांगितलेला नसतो. आषाढात बाहेरचीच हवा ९० टक्के ओली असते. ती रात्रभर माळ्यात घेतली, तर गार भिंतीवर ती आपलेच पाणी ठेवील. मात्र घरात तयार झालेल्या वाफेला त्याच क्षणी बाहेर घालविणे हे बाराही महिने योग्य, कारण बाहेरची हवा कितीही दमट असली तरी स्नानानंतरच्या न्हाणीघरातल्या हवेपेक्षा ती कोरडीच असते. तेव्हा स्वयंपाक आणि स्नान चालू असताना व नंतर काही वेळ पंखा बाहेरच्या दिशेने चालवावा; पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडले, की दुपारी माळ्याची दारे उघडावी, संध्याकाळी लावावी. आणि ऑक्टोबरचे जे रखरखीत ऊन आपण नुसते शिव्या देण्यात घालवतो, त्या उन्हात माळा पूर्ण रिकामा करून प्रत्येक वस्तू दिवसभर वाळवावी. रंगाच्या बाबतीत जुन्या चुन्याच्या सफेदीची योग्यता मला अद्याप ऑइलपेंटपेक्षा अधिक वाटते. चुना अल्कधर्मी असल्याने बुरशी त्यावर सहजी धरत नाही, आणि तो भिंतीतल्या ओलीला बाहेर पडू देतो, तर ऑइलपेंट तिला आत कोंडतो आणि वर्ष-दोन वर्षांत पोपडे धरून सूड उगवतो.

माळ्यावर काय ठेवावे यावर आपल्याकडे फारसा विचार झालेला नाही, कारण जे कोठेच ठेवता येत नाही ते माळ्यावर, असा सर्वमान्य नियम आहे. त्यात घराची खरेदीखते, जुने फेरफार, आजोबांच्या हातचे जमाखर्च, लग्नपत्रिका, छायाचित्रे आणि क्वचित एखादे मोडी कागदांचे बासन हेही वर जाते. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद सुती रुमालांत बांधून ठेवण्याची जी रीत पडली, तीत एक शहाणपण होते: सुती कापड धूळ अडवते आणि हवा अडवीत नाही. आज आपण तेच कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला गाठ मारतो. पिशवी बांधते वेळी आत जी दमट हवा राहिली ती तेथेच कोंडते, तापमान थोडे उतरले की पाणी सोडते, आणि मुद्रांकाचा कागद मागच्या कागदाला असा चिकटतो, की सोडवावयास गेले तर निम्मी अक्षरे या पानावर आणि निम्मी त्या पानावर राहतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मिळविलेल्या कागदांतून १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला. त्यांच्यासारखा संशोधक दारी येण्याच्या आधीच वाळवीने, कसरीने आणि ओलीने किती घराण्यांचे कागद संपवले असतील, याचा हिशेब आता कोणी देऊ शकणार नाही. कागद माळ्यावर ठेवूच नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. जागेअभावी ठेवावेच लागले, तर ऑक्टोबरात वाळवून, सुती कापडात बांधून, वेखंडाचे दोन तुकडे घालून, फळीवर आणि भिंतीपासून दूर ठेवावेत. बंद पेटी असेल, तर वाटीत कळीच्या चुन्याचे खडे ठेवावे आणि विरून त्यांचे पीठ झाले की बदलावे. तसल्याच कामाच्या रसायनांच्या पुड्या बाजारात मिळतात, त्याही चालतील. डांबराच्या गोळ्या कीड घालवतात. ओलीशी त्यांचा काही संबंध नाही.

ही केवळ वस्तूंची काळजी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत ओलसर घरांतल्या रहिवाशांना श्वसनाचे विकार आणि दमा यांचा धोका अधिक असल्याचे नमूद केले आहे. बुरशी साफ करताना नाका-तोंडावर मुखपट्टी बांधावी, कोरड्या कुंच्याने ती झाडू नये, कारण तिचे बीजकण घरभर उडतात. ओल्या फडक्याने पुसावी, आणि भिजून काळी पडलेली गादी ऊन देऊन पुन्हा वापरात आणण्याचा मोह टाळावा.

राहता राहिला प्रश्न सोसायट्यांचा आणि पुनर्विकासाचा. एका बाजूस जुन्या इमारतींच्या सभांत गळतीच्या दुरुस्तीची लांबलचक अंदाजपत्रके मंजूर होतात, आणि त्यांत निदानासाठी एक रुपयाचीही तरतूद नसते. ज्याने लेप विकावयाचा त्यानेच ओल कशाची हे सांगावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. सभासदांनी एवढाच ठराव करावा, की गळतीच्या कोणत्याही तक्रारीसोबत वर सांगितलेल्या चाचणीचा निकाल आणि ओल दिवसाच्या कोणत्या वेळी दिसते याची नोंद जोडलेली असल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही, आणि निदान करणारा व दुरुस्ती करणारा ही दोन वेगळी माणसे असतील. दुसऱ्या बाजूस नव्या इमारतींचे करार रोज होत आहेत, आणि त्यांतल्या सोयींच्या यादीत फरशी कोणत्या प्रतीची, नळ कोणत्या बनावटीचे, खिडक्यांच्या काचा किती जाडीच्या, याचा तपशील बारकाईने लिहिलेला असतो. त्याच यादीत आणखी तीन ओळी घालण्याचा आग्रह सभासदांनी धरावा: माळ्याची दारे सरसकट बंद पत्र्याची वा प्लायवूडची न करता जाळीची किंवा झरोक्यांची असावीत, न्हाणीघराच्या पंख्याचे तोंड इमारतीबाहेर उघडावे, आणि ओट्यावरच्या चिमणीसाठी बाहेरच्या भिंतीत भोक ठेवलेले असावे. बांधकाम चालू असताना या तिन्ही गोष्टींना येणारा खर्च इतका किरकोळ आहे, की त्याची सबब पुढे करणे विकासकालाही जड जाईल; ताबा मिळाल्यानंतर मात्र तेच भोक पाडण्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी, बाहेरच्या रंगाची भरपाई आणि खालच्या मजल्याची हरकत, अशा तीन दारांवरून फिरावे लागते.